युरोप : टिपलेला आणि पाहिलेला

युरोपचा प्रवास ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. एके काळीं विलायतेस जाऊन आलेल्या गृहस्थास पाहावयास आळींतलीं माणसें जमत. आज त्याच आळींतील निम्म्या घरांत कोणी ना कोणी पॅरिस-रोम करून आलेलें असतें, आणि त्याचीं छायाचित्रें तर तो घरीं परतण्यापूर्वींच सर्व नातलगांच्या मोबाइलवर येऊन थडकलेलीं असतात. तेव्हां अशा प्रवासाचें आणखी एक वर्णन वाचकांपुढें ठेवण्याचें धारिष्ट आम्ही कां करीत आहों, तें प्रथम सांगितलें पाहिजे. आम्ही उभयतां २०२४ च्या मे महिन्यांत बारा दिवसांचा युरोपचा प्रवास करून आलों. आम्हीं जें पाहिलें तें दर वर्षीं लाखों लोक पाहतात. परंतु 'पाहणें' म्हणजे काय, याचा जो धडा आम्हांस या प्रवासांत मिळाला, तो चार माणसांच्या घरांत उपयोगीं पडण्याजोगा आहे असें वाटतें. तो धडा देणारे गुरु त्या वेळीं साताऱ्यास, आमच्या घरच्या ओटीवर, झोपाळ्यावर बसलेले होते.

आमचे तीर्थरूप नाना यांनीं चौतीस वर्षें हायस्कुलांत इतिहास शिकविला. रोमचा इतिहास हा त्यांचा विशेष आवडीचा विषय. फळ्यावर खडूनें ते कलोसियमचा आराखडा काढूं लागले म्हणजे मागच्या बांकावरचीं मुलेंसुद्धां मान वर करीत. रोम एकदां डोळ्यांनीं पाहावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण आम्हां भावंडांचीं शिक्षणें, आत्याचें आजारपण, घराची डागडुजी यांत त्यांचे दिवस गेले. पुढें आमच्या हातांत पैसा खेळूं लागला, तेव्हां "पुढच्या वर्षीं नानांना घेऊन जाऊं" असें आम्ही दर वर्षीं म्हणत राहिलों. दर वर्षीं कांहीं तरी आड आलें. आणि खरें सांगावयाचें तर, आड येण्याएवढें मोठें त्यांत कांहींच नव्हतें. मध्यंतरीं काचबिंदूनें त्यांच्या डोळ्यांत ठाण मांडलें. हा रोग मोठा कपटी. तो दृष्टि कडेकडेनें खात येतो. माणसाच्या ध्यानांत येईपर्यंत पुष्कळ गेलेली असते, आणि गेलेली परत येत नाहीं. आज नानांना उजेड व अंधार एवढाच भेद कळतो.

तिकिटें काढण्यापूर्वीं आम्हीं त्यांना "चला" म्हणून आग्रह केला. ते हंसून म्हणाले, "आतां मी तेथें येऊन काय पाहणार? तुम्ही पाहून या." निघतांना पाया पडलों, तेव्हां पाठीवर हात ठेवून एवढेंच म्हणाले, "फोटो मुलांना दाखवा. मला मात्र काय पाहिलेंत तें सांगा."

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं उमगला नाहीं.

पॅरिस येथें आमचा प्रवास सुरू झाला. एका प्रवासी कंपनीच्या बेचाळीस जणांच्या मेळाव्यांत आम्ही होतों. अशा मेळाव्याचा क्रम ठरलेला असतो. बस थांबते, दार उघडतें, "फोटोसाठीं वीस मिनिटें" अशी घोषणा होते, आणि बेचाळीस माणसें बेचाळीस मोबाइल उंचावून धांवत सुटतात. सेन नदीच्या पलीकडील उंचवट्यावरून आयफेल टॉवर समोर दिसतो. तेथें आम्हीं टॉवरचें टोंक बोटाच्या चिमटींत धरल्यासारखें भासवून छायाचित्रें काढलीं, टॉवरकडे पाठ करून काढलीं, एकत्र काढलीं, निरनिराळीं काढलीं. वीस मिनिटें संपलीं, बस सुटली. दुपारीं लूव्र संग्रहालयांत 'मोनालिसा' पाहिली. पाहिली म्हणजे, पुढच्या माणसांनीं डोक्यावर धरलेल्या मोबाइलांच्या कांचांवर तिचीं दहा-बारा रूपें पाहिलीं. मूळ चित्र अवघें ७७ सेंटिमीटर उंच व ५३ सेंटिमीटर रुंद, घरच्या भिंतीवरील एखाद्या मोठ्या तसबिरीएवढें. १९११ सालीं हें चित्र चोरीस गेलें होतें, व १९१३ सालीं फ्लॉरेन्स येथें सांपडलें. मधल्या काळांत भिंतीवरची रिकामी जागा पाहावयास लोक येत असत, असें आमच्या वाटाड्यानें सांगितलें, तेव्हां सर्वजण हंसलों. आमची अवस्था त्या लोकांहून फारशी निराळी नव्हती, हें तेव्हां कोणाच्या मनांत आलें नाहीं.

रात्रीं हॉटेलांतून घरीं व्हिडिओ-कॉल लावला. मुलांनीं चित्रें पाहून टाळ्या पिटल्या. मग फोन नानांच्या हातीं गेला. ते म्हणाले, "टॉवर पाहिलात? त्याच्या चार पायांच्या मधोमध उभे राहून वर पाहिलेंत काय? आकाश दिसतें काय आरपार? आणि एवढें उंच लोखंड, वारा त्यांतून वाहतांना आवाज येतो काय?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. चार पायांच्या मधोमध आम्ही गेलोंच नव्हतों. वाऱ्याकडे लक्ष कोणाचें होतें? "उद्यां नीट पाहून सांगतों, नाना," असें म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. मग अंथरुणावर बसून दिवसभराचीं छायाचित्रें चाळलीं. तीं २१६ भरलीं. त्यांतील बहुतेकांत पुढें आम्ही होतों, आणि मागें कोठें तरी पॅरिस होतें.

दुसऱ्या दिवशीं अर्धा दिवस खरेदीसाठीं राखून ठेवलेला होता. खरेदीस रजा देऊन आम्ही पुन्हां टॉवरकडे गेलों, व जिन्यानें वर चढलों. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. पायांस गोळे आले, पण त्या पायऱ्यांनींच आम्हांस टॉवर दाखविला. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठीं उभारलेला हा मनोरा आज टोंकावरच्या अँटेनासह ३३० मीटर उंच आहे. लोखंडाचे सुमारें १८ हजार तुकडे व २५ लाख रिव्हेट यांनीं तो जोडलेला आहे. खालून जी नाजुक जाळी वाटते, ती जवळून पाहतां एकेक पट्टी ढोलीच्या फळीएवढी जाड व रुंद. रिव्हेटांचीं गोल डोकीं हाताला सुपारीसारखीं लागतात, आणि त्यांवर रंगाचे थरावर थर चढलेले आहेत. वारा त्या जाळींतून थेट अंगावर येतो, व चढणाऱ्यांच्या पावलांचा आवाज साऱ्या जिन्याभर फिरतो. हें सर्व रात्रीं नानांना सांगितलें. ते म्हणाले, "हं, आतां दिसूं लागलें."

छायाचित्रणाची विद्या याच देशांत जन्मास आली, ही गोष्ट येथें सांगितली पाहिजे. निएप्स या फ्रेंच गृहस्थानें १८२६-२७ च्या सुमारास आपल्या खिडकींतून दिसणारें दृश्य प्रकाशाच्या साह्यानें पत्र्यावर उमटविलें. आज शिल्लक असलेल्या दृश्यचित्रांत तें सर्वांत जुनें मानतात. पुढें त्याचा भागीदार दागेर यानें १८३८ सालीं पॅरिसच्या एका रुंद रस्त्याचें चित्र खिडकींतूनच घेतलें. त्या काळीं पत्र्यावर चित्र उमटण्यास कित्येक मिनिटें लागत. रस्त्यावर गाड्या व माणसें यांची वर्दळ असलीच पाहिजे. पण जें जें हलत होतें तें तें पत्र्यावर उमटलेंच नाहीं. रस्ता ओस दिसतो. कोपऱ्यावर एक मनुष्य मात्र जोड्यांस पॉलिश करून घेण्यासाठीं पाय पुढें करून उभा होता, तेवढा उमटला. छायाचित्रांत आलेला पहिला मनुष्य तो हाच, असें समजतात. आज आमचा मोबाइल क्षणाच्या सहस्रांश भागांत चित्र घेतो, त्यामुळें धांवणाराहि त्यांत सांपडतो. परंतु पाहणाराच्या मनावर कांहीं उमटावयाचें तर दागेरचाच नियम अद्यापि लागू आहे. थोडें उभें राहिलें पाहिजे.

म्हणून छायाचित्रें वाईट, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पॅरिसचें नोत्र-दाम मंदिर १५ एप्रिल २०१९ रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्याचें छप्पर जळालें व मनोरा कोसळला. आम्ही गेलों तेव्हां तें बंदच होतें. पुढें डिसेंबर २०२४ मध्यें तें पुन्हां उघडलें. तें पूर्ववत् उभें करतांना पूर्वीं लेसरनें घेतलेलीं बारीक मापें व जुनीं चित्रें यांचा कारागिरांस मोठा उपयोग झाला. ज्यानें निरखून पाहून टिपलें, त्याचें टिपण असें कामास येतें.

स्वित्झर्लंडमध्यें लुसर्न येथील लांकडी पुलावरून चालतांना कोणत्या फळ्या वाजतात हें आम्हीं कान देऊन ऐकलें, आणि इटलींत उतरलों. पिसा येथें पोहोंचलों तों हिरवळीवर शेंदीडशें माणसें दोन्ही हात हवेंत पुढें करून उभीं असलेलीं दिसलीं. कलत्या मनोऱ्यास आपण टेका देत आहों असा देखावा छायाचित्रांत साधण्याची ही खटपट. बाजूनें पाहणारास एखाद्या वेड्यांच्या कवायतीसारखें वाटतें. आम्हींहि एकदां ती कवायत केली, नाहीं म्हणत नाहीं. मग तिकिटें काढून वर चढलों. या मनोऱ्याचें काम ११७३ सालीं सुरू झालें व जवळजवळ दोनशें वर्षें रेंगाळलें. पायाखालची जमीन एका बाजूस मऊ, म्हणून तो बांधतां बांधतांच कलला. १९९० सालीं धोका ओळखून तो लोकांस बंद करण्यांत आला. कललेल्या बाजूच्या उलट, म्हणजे उत्तरेकडची, माती थोडथोडी उपसून त्याला किंचित् मागें आणण्यांत आलें, व २००१ सालीं तो पुन्हां खुला झाला. कल डोळ्यांपेक्षां पायांस अधिक कळतो. जिना गोल फिरत जातो, तसतसें अंग एकदां भिंतीकडे ढकललें जातें, एकदां आपोआप पुढें ओढलें जातें. संगमरवरी पायऱ्या सर्वत्र सारख्या झिजलेल्या नाहींत. कोठें डावीकडे खोलगट, तर कोठें उजवीकडे. आठशें वर्षांच्या पावलांनीं मनोऱ्याचा कल पायऱ्यांवर लिहून ठेवला आहे. ही गोष्ट आमच्या एकाहि छायाचित्रांत नाहीं. नानांच्या साठीं पाहिली नसती, तर आम्हांसहि कळली नसती.

रोमला पोहोंचण्याच्या आदल्या रात्रीं नानांनीं एकच प्रश्न केला, "कलोसियमच्या कमानींवर आंकडे अजून दिसतात का रे?" दुसऱ्या दिवशीं सर्व मंडळी कलोसियमच्या पुढें हंसऱ्या मुद्रेनें उभी असतां, आम्ही माना वर करून कमानी वाचीत हिंडत होतों. हें प्रेक्षागार व्हेस्पेशियन बादशहानें बांधावयास घेतलें व त्याचा पुत्र टायटस यानें इसवी सन ८० मध्यें खुलें केलें. सुमारें पन्नास हजार लोक आंत बसत. खालच्या ८० कमानींपैकीं ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते. प्रेक्षकानें आपल्या क्रमांकाच्या दारानें आंत जावयाचें. उत्तरेकडील बाहेरची भिंत शाबूत आहे, तेथें २३ पासून ५४ पर्यंतचे रोमन आंकडे आजहि वाचतां येतात. भिंतीभर देवीच्या व्रणांसारखीं भोकें दिसतात. दगडांस दगड जोडणारे लोखंडी आंकडे मध्ययुगांत लोकांनीं उपसून नेले, त्यांच्या त्या खुणा. फोनवर "आंकडे दिसले, नाना" म्हणतांच पलीकडे क्षणभर कांहीं बोलणें झालें नाहीं. मग आवाज आला, "चौपन्न कोणत्या बाजूस?"

पँथिऑनमध्यें आम्ही सव्वा तास बसलों, व त्यासाठीं मेळाव्याबरोबरच्या भोजनावर पाणी सोडलें. हेड्रियन बादशहाच्या कारकीर्दींत, इसवी सन १२५ च्या सुमारास पुरें झालेलें हें देवालय अजून उभें आहे. त्याच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीहि तितकीच. म्हणजे आंत एक पुरा चेंडू बसावा. घुमटाच्या माथ्यावर सुमारें ९ मीटर व्यासाचें गोल उघडें छिद्र आहे. त्यावर कांच नाहीं. पाऊस आला तर आंत पडतो. पाणी वाहून जाण्यासाठीं फरशी मधोमध किंचित् उंच ठेविली असून तिला बारीक भोकें आहेत. आम्ही दुपारीं बाराच्या सुमारास आंत गेलों, तेव्हां त्या छिद्रांतून आलेल्या उन्हाचें वर्तुळ दाराच्या बाजूस, भिंतीच्या पायथ्याशीं पडलेलें होतें. फरशीच्या एका सांध्यावर नजर ठेवून बसलों. वर्तुळाची कड मिनिटाला सुमारें वीतभर सरकत होती. आपण पृथ्वीवर बसून फिरत आहों, हें पुस्तकांत वाचलेलें ज्ञान त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं पाहिलें. तेवढ्या वेळांत शेंकडों माणसें आलीं, वर मोबाइल रोखून चित्र घेतलें आणि गेलीं. ऊन सरकतें, हें पाहावयास क्वचितच कोणी थांबलें असेल.

बाहेरच्या मंडपांत करड्या गुलाबी ग्रॅनाइटचे सोळा प्रचंड खांब आहेत; ईजिप्तमधून आणलेला एकेक खांब एकसंध असून सुमारें १२ मीटर उंच आहे. आम्हीं उभयतांनीं एका खांबास कव घालून पाहिली. दोघांचे हात पुरले नाहींत. तिसरें माणूस लागलें असतें.

व्हॅटिकनच्या सिस्टाइन देवघरांत छायाचित्र घेण्यास मनाई आहे. प्रथम अनेकांस ती जाचते. आमच्या मेळाव्यांतहि कुरकुर झाली. आम्हांस मात्र त्या मनाईचा उपकारच झाला. सुमारें ४० मीटर लांब व १३ मीटर रुंद अशी ती जागा माणसांनीं भरलेली, पण सर्वांचे हात मोकळे व डोळे वर. मायकेल अँजेलोनें १५०८ ते १५१२ या वर्षांत छत रंगविलें, व पुढें १५३६ ते १५४१ या काळांत वेदीमागील भिंतीवर 'अंतिम न्याय' हें चित्र काढलें. आम्हीं काम वाटून घेतलें : छत आमच्याकडे, भिंत सौभाग्यवतींकडे. ईश्वराचें व आदमाचें बोट जेथें जवळजवळ भिडतें, तें चित्र जगांतील चहाच्या पेल्यांवरसुद्धां छापलेलें आहे. परंतु त्या अफाट छतांत तें इतर अनेक चित्रांपैकीं एक, व चटकन् सांपडत नाहीं, याचें आश्चर्य वाटलें. बाहेर येतांच बांकावर बसून दोघांनीं आठवलें तेवढें वहींत उतरविलें, आणि तेथेंच वाद झाला. न्यायनिवाडा करणाऱ्या येशूस दाढी आहे, असें आमचें म्हणणें. ती नाहीं, असें सौभाग्यवतींचें. पडताळण्यास हातीं छायाचित्र नव्हतें. रात्रीं वाद नानांपुढें गेला. ते म्हणाले, "सूनबाईंचें बरोबर. दाढी नाहीं. त्याबद्दल त्या चित्रकारावर त्या काळीं टीकासुद्धां झाली होती." तीस वर्षांपूर्वीं पुस्तकांत पाहिलेलें चित्र त्यांना तसेंच दिसत होतें, आणि आम्हांस सकाळचें नीट आठवेना.

सेंट पीटरच्या भव्य मंदिरांत पीटरची काशाची मूर्ति आहे. भाविकांच्या स्पर्शानें तिच्या उजव्या पावलाचीं बोटें झिजून एकजीव झालीं आहेत. आम्हींहि त्या पावलास हात लावला. गार, गुळगुळीत, पाण्यांतील गोट्यासारखें. नानांना सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे आपल्या पंढरीच्या पायांसारखेंच. देव झिजतो, माणूस येतच राहतो."

घरीं परतल्यावर पहिल्या रविवारीं सर्व मंडळींना टेलिव्हिजनच्या मोठ्या पडद्यावर छायाचित्रें दाखविलीं. तीं सतराशेंच्या वर होतीं. पाऊण तासांत मुलें पेंगूं लागलीं, दादा वर्तमानपत्राकडे वळले, वहिनी भाजी पाहावयास उठल्या. "हें कोणतें देऊळ?" असें आईनें विचारलें, तर चार ठिकाणीं आम्हांसच सांगतां येईना. उलट संध्याकाळीं ओटीवर नानांपुढें जें सांगणें सुरू झालें, तें आठ संध्याकाळ चाललें. आणि पेंगणारीं तींच मुलें तेथें मात्र झोपाळ्याच्या कड्यांना लोंबकळत ऐकत राहिलीं.

पँथिऑनच्या खांबांची पाळी आली, तेव्हां नानांनीं विचारलें, "केवढा जाड?" आम्हीं उभयतां व दादा अशा तिघांनीं अंगणांत हात पसरून एकमेकांचीं बोटें धरलीं व कडें केलें. पुतण्यानें नानांचा हात धरून त्यांना त्या कड्याभोंवतीं फिरविलें. ते आमच्या खांद्यांवरून, हातांवरून, बोटांच्या गांठींवरून हात फिरवीत सावकाश एक प्रदक्षिणा घालून आले. "एवढा?" ते म्हणाले. "एवढा, एकसंध, आणि असे सोळा," आम्हीं सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इतकीं वर्षें मुलांना शिकविलें, पण केवढा तें मला ठाऊक नव्हतें."

या बोलण्यानें आम्हांस आनंद झाला, तशी मनाला बोंचहि लागली, ती अद्यापि गेली नाहीं. आम्हीं कितीहि निरखून पाहिलें असलें, तरी नानांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं रोम पाहावयाचें तें राहिलेंच. आणि तें आमच्या 'पुढच्या वर्षीं' मुळें राहिलें. ज्यांच्या घरांत अशी एखादी इच्छा कोणा वडीलधाऱ्याच्या मनांत असेल, त्यांनीं सवड काढण्याची वाट पाहूं नये, एवढी विनंती आहे. डोळे, गुडघे व आयुष्य यांपैकीं कोणीहि आपल्या सवडीसाठीं थांबत नाहीं.

प्रवासास निघणारांस आमचें सांगणें थोडें आहे. कोणत्याहि स्थळीं पोहोंचतांच मोबाइल बाहेर काढूं नये. आधीं एक फेरी रिकाम्या हातांनीं मारावी. मग छायाचित्रें खुशाल काढावीं, पण थोडीं, व त्याच रात्रीं त्यांच्याखालीं स्थळाचें नांव लिहून ठेवावें. संग्रहालयांत फ्लॅश वापरूं नये; जुन्या चित्रांच्या राखणदारांना तो चालत नाहीं. मेळाव्याबरोबर जात असल्यास खरेदीचा निदान एक तास चोरून आपल्या आवडत्या एका जागीं नुसतें बसावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, घरीं राहिलेल्या एका माणसासाठीं पाहावें. त्यास काय सांगावयाचें, हा प्रश्न मनांत असला म्हणजे डोळे आपोआप कामाला लागतात.

गेल्या हिंवाळ्यांत आमचा पुतण्या शाळेच्या सहलीबरोबर वेरूळास गेला. निघतांना त्यानें विचारलें, "नाना, तुम्हांला काय आणूं?" नाना म्हणाले, "कैलास लेण्याच्या तळाशीं हत्तींची रांग आहे. ते काय करीत आहेत, तें पाहून ये." चौथ्या दिवशीं पोरगें परत आलें, तें दारांतूनच "नाना, नाना" अशी हांक मारीत. पाय धुण्याचेंहि भान न राहतां तें झोपाळ्यावर चढून बसलें आणि सांगूं लागलें. मोबाइल पिशवींतच होता. तो बाहेर काढण्याची आठवण त्याला रात्रीं जेवणें झाल्यावर झाली.